तुटक रेघेची भिंत

बारा ओटे हवेत म्हणून भिंत गिळलीत ती तुम्ही, साहेब. आणि पोर आजारी पडल्यावर बोट दाखवलंत ते ओट्यापाशी राबणाऱ्या बाईकडे. नोटिशीत काय लिहिलंत? 'सातव्या ओट्यावर स्वच्छतेचे नियम पाळले गेले नाहीत.' त्या ओट्यावर एकदा जेवून बघायचं होतंत. ताट लागलं नसतं, इतका लख्ख.

पण तुमच्याकडे नंतर येतो. आधी नकाशावाल्याचं. या पापात त्याचा वाटा तुमच्यापेक्षा कणभर कमी नाही, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

बंद गोदामात सामाईक स्वयंपाकघर काढायचं ठरलं, तेव्हा आराखडा त्याच्याकडे आला. खाण्यापिण्याचा नवा धंदा करणाऱ्यांनी एकेक ओटा घ्यायचा. भट्टी, शीतगृह, भांडी घासायच्या मोऱ्या सगळ्यांत मिळून. कागदोपत्री नाव 'इन्क्युबेटर', म्हणजे अंडी उबवायचं यंत्र. त्याची थोरली बहीण म्हणाली होती, "म्हणजे आम्ही अंडी की कोंबड्या, ते आधी ठरवा!" आणि सातवा ओटा तिनंच घेतला. शेंगदाण्याच्या कणानंही ज्यांचा घसा सुजतो अशा मुलांसाठी ती बिस्किटं करायची. तिचा नातूच तसला. दुकानातलं काही त्याला चालेना, म्हणून सुरुवात झाली.

पहिला नकाशा त्यानं जीव ओतून काढला होता. आठ ओटे, आणि दळणाची खोली वेगळी: छताला भिडलेली भिंत, आपोआप मिटणारं दार, हवा बाहेर फेकणारा स्वतंत्र पंखा. पिठाला पाय नसतात, पण ते घरभर हिंडतं, हे त्याला आईच्या चक्कीपासून ठाऊक होतं.

समितीच्या साहेबांनी भिंतीवर बोट ठेवलं. "ही बया चार ओटे खातेय. मी वर बारा सांगून बसलोय."

"साहेब, दळण उघड्यावर नको हो."

"मग दाखवा की भिंत! बांधायची कधी, ते बघू पुढं."

नकाशात सलग जाड रेघ म्हणजे भिंत. तुटक रेघ म्हणजे आज नसलेली, पुढंमागं होईल अशी वस्तू. त्यानं सलग रेघ पुसली, तुटक ओढली आणि आत ठसठशीत लिहिलं, 'दळण विभाग'. तपासनिसानं कागदावरच सगळं पाहिलं. "दळण वेगळं आहे ना?" नकाशावाल्यानं मान हलवली. शिक्का बसला. पुढची कामं याच साहेबांकडून यायची होती. मानेला तेवढं कळत होतं.

ताईला मात्र डोळे होते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "अरे, चक्की अशी उघड्यावर?"

"मोठा पंखा बसवलाय, ताई. सगळी हवा तिकडून ओढून घेतली जाते."

"तू आखलंयस ना? मग मला बघायला नको."

दोन महिन्यांनी दुसऱ्या ओट्यावरचा पेयवाला शेंगदाण्याची पूड करायला लागला. त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक? चक्की सगळ्यांची होती. ताईची बिस्किटं जाळीवर निवत होती. त्यातलं एक कुणाच्या तरी पोरानं खाल्लं, आणि चार दिवस ते इस्पितळात होतं. वाचलं. नोटीस ताईला आली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तो तिच्याकडे गेला. ती चाळणी घासत होती. घासून घासून बोटांची सालं निघाली होती.

"माझंच कुठंतरी चुकलं असणार रे. हात धुतले नसतील नीट. तसं लिहूनच देते उद्या. त्या पोराच्या आईला उत्तर तरी मिळेल." त्याचा चेहरा पाहून तिनं चहा पुढं सरकवला. "तू नको लावून घेऊस मनाला."

तिथंच बोलायला हवं होतं. पण पठ्ठ्या कप विसळून, पालथा घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत ताईनं लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. साहेब पेनाचं टोपण काढत होते. तेवढ्यात नकाशावाल्यानं काखेतली गुंडाळी त्या कागदावरच उलगडली. एक नकाशा, त्यावर दुसरा.

"ही भिंत. आणि ही, तिच्या जागी मी ओढलेली तुटक रेघ. तपासनिसाला फसवलं मी. कण तिच्या हातातून नाही, हवेतून आला."

साहेब हसले. "बहिणीचा पुळका आला वाटतं आज?"

"उशिरा आला. लाज वाटते त्याची."

ताई नकाशाकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. "हवा ओढून घेतली जाते म्हणाला होतास," ती हळूच म्हणाली. तिनं आपला कागद ओढून घेतला, चार घड्या घातल्या, आणि त्याच्या शेजारची खुर्ची सोडून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

ती खुर्ची रिकामीच राहणार, हे त्याला कळलं. मग त्यानं कोरा कागद साहेबांपुढं सरकवला.

"भिंत पुसली मी. नकाशावर माझं नाव मी लिहिलंय, खाली सही आहे. आता तुम्ही लिहा: पुसायला कुणी सांगितलं? पोराची आई बाहेर बाकावर बसलीय. तोंडी नको, लेखी द्या. कुणी सांगितलं, साहेब?"