वेफरवरची खाच

१२ जून, सायंकाळचे साडेसात. वडिलांच्या घरी जेवणाच्या टेबलावर चॉकलेट वेफरची सहा पाकिटे मांडलेली होती. ती मुलीने आणली होती. मुलगी आहारतज्ज्ञ, शाळांच्या उपाहारगृहांत काय विकावे हे ठरवणाऱ्या समितीची सभासद. वडील त्याच वेफरच्या कारखान्यात प्रयोगशाळाप्रमुख. दुसऱ्या दिवशी हा वेफर समितीपुढे यायचा होता, आणि कंपनीच्या वतीने उत्तरे द्यायला वडिलांचीच नेमणूक झाली होती.

नियम सरळ होता: एका वाट्यात, म्हणजे एका वेळी खायच्या भागात, दहा ग्रॅमपेक्षा अधिक साखर असलेला पदार्थ शाळेत विकता येत नाही. चाळीस ग्रॅमच्या वेफरमध्ये साखर होती १९.६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ निम्मी. पण मधे खाच असलेल्या नगाचे दोन वाटे धरावेत, असेही नियमात होते. तेव्हा कंपनीने साखरेला हात न लावता साच्याला लावला. वेफरच्या मधोमध एक खाच आली आणि पाकिटावर एक ओळ: 'दोन वाटे. प्रति वाटा साखर ९.८ ग्रॅम.'

"बाबा, एक मोडून दाखवा."

वडिलांनी पाकीट फोडले, अंगठे खाचेच्या दोन्ही बाजूंना ठेवले आणि दाब दिला. वेफर तिरका तुटला. एका हातात मोठा तुकडा, दुसऱ्यात लहान, टेबलावर चुरा.

"हे दोन वाटे?"

"एक थोरल्याचा, एक धाकट्याचा."

"हसण्यावारी नेऊ नका हं."

"बरं. खाच वरच्या चॉकलेटला आहे, आतल्या पापुद्र्यांना नाही. ते हवे तिथे तुटतात. मी खाच खोल करायला सांगितलं होतं, पण मग ट्रकमध्येच तुकडे पडायला लागले. म्हणून कंपनीवाले दीड मिलिमीटरवर थांबले."

"शंभर मोडले तर खाचेवर किती तुटतात?"

"एकोणतीस. मी स्वतः मोडून पाहिलेत."

"आणि अर्धा खाऊन अर्धा ठेवणारी मुलं किती?"

"त्यासाठी प्रयोगशाळा कशाला हवी?"

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ कामावरून आला. घरात त्याला बंड्या म्हणत. तो त्याच कारखान्यात, दुसऱ्या लाईनच्या पॅकिंग यंत्रावर होता. त्याने उभ्याउभ्याच एक पाकीट फोडून तीन घासांत संपवले.

"खाच पाहिलीस का रे?"

"कसली खाच? तायडे, वेफर खायचा असतो, त्याचं ऑपरेशन करायचं नसतं." मग रिकामा कागद चुरगळत त्याच सुरात म्हणाला, "शाळांची ऑर्डर आली नाही तर दुसरी लाईन बंद. मॅनेजरसाहेबांनी आज सगळ्यांना बोलावून सांगितलं."

तो हात धुवायला गेला तेव्हा मुलगी खुर्ची पुढे ओढून बसली.

"मला धरून चौघे विरोधात आहेत, चौघे बाजूने. अध्यक्ष मुख्याध्यापिकाबाई, त्यांचं अजून ठरायचंय. उद्या मी तुम्हाला हाच प्रश्न विचारणार. तुम्ही फक्त आकडा सांगा."

"माझ्या तोंडून आजवर चुकीचा आकडा गेलाय का कधी?"

"नाही. म्हणून तर विचारतेय."

उरलेली चार पाकिटे पिशवीत भरून ती निश्चिंत मनाने आपल्या घरी गेली.

समितीची खोली लहान होती; नऊ खुर्च्या एकमेकींना घासत होत्या, दहावी वडिलांसाठी दाराशी मांडली होती. बापलेकीचे नाते सर्वांना ठाऊक होते. चौघे-चौघे आपापल्या मतावर ठाम राहिले. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "या गृहस्थांचं ऐकूनच मी मत देणार. विचारा."

मुलगी उठली. "साहेब, शंभर वेफर मोडले तर खाचेवर किती तुटतात?"

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ती कंपनीची अंतर्गत चाचणी आहे. तिचे निष्कर्ष सांगण्याचा अधिकार मला नाही."

"काल तुम्ही मला आकडा सांगितलात."

"बाई," मुख्याध्यापिका तिला मध्येच थांबवत म्हणाल्या, "घरातलं बोलणं इथे नको. साहेब, तुम्हीच सांगा, वेफर खाचेवर नीट तुटतो का?"

"दोन वाट्यांसाठी वेफरला खाच असावी, असे नियमात आहे. तो कसा तुटावा, याविषयी नियमात काही नाही."

"चोख!" कोपऱ्यातला एक सभासद पुटपुटला.

"आणि वाट्यामागची साखर? ती तरी बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. नऊ पूर्णांक आठ दशांश."

"मग मी आकड्याशी कशी भांडणार?" असे म्हणून मुख्याध्यापिकांनी मत नोंदवले.

बाहेरच्या बोळात वडिलांनी मुलीला गाठले. "मी खोटं बोललो नाही."

"खोटं बोलला असतात तर खोडून तरी काढता आलं असतं."

"बंड्याची नोकरी..."

"त्याचं नाव पुढे करू नका. जे होतं ते तो तोंडावर बोलला."

"संध्याकाळी येतेस ना?"

"विरोधाची टीप लिहायची आहे, साहेब," असे म्हणून ती खोलीत परत गेली.

थोड्या वेळाने लिपिकाने फलकावर कागद लावला. चॉकलेट वेफर, प्रति वाटा साखर ९.८ ग्रॅम, शाळांत विक्रीस मान्यता. बाजूने पाच, विरोधात चार.