खड्यावरचं बिऱ्हाड

त्या रविवारी माझी थोरली बहीण क्लोरिंदा जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि तिच्या गालावर चिकटपट्टी होती. पट्टीखालून एक पांढरा दोरा ओठांच्या कोपऱ्यातून आत गेलेला, घशाखाली, थेट पोटात. दोऱ्याच्या टोकाची कॅप्सूल तिनं सकाळीच पाण्याबरोबर गिळली होती. दुपारपर्यंत दोरा आत ठेवायचा, काही खायचं नाही आणि शक्यतो बोलायचं नाही, असं नातीनं बजावलं होतं. न खाणं तिला जमलं. न बोलणं तिला या जन्मात जमायचं नाही.

"ओती, घेवड्यात मीठ कमी आहे," ती दोरा सांभाळत म्हणाली. "वासावरून कळतंय मला."

"ताई, गप बस. दोरा गिळशील."

"गिळला तर तुझ्याकडे दुसरा मागायला येणार नाही."

हे सगळं रामायण घडलं नाउएलमुळे. नाउएल म्हणजे ताईचा नातू. तिशीचा गडी, दारातून आत येताना मान वाकवतो. आईबापाबरोबर उत्तरेत खाणीच्या गावी राहायचा, तो उन्हाळ्यात इथे सांतियागोला आला आणि पावाची गाडी चालवू लागला. रोज दुपारी आमच्याकडे जेवायला. ताईच्या तर अंगावर मूठभर मांस चढलं. तिची ती पेब्रे, कोथिंबीर-कांदा-टोमॅटो-मिरची बारीक चिरून केलेली कच्ची चटणी, साऱ्या गल्लीत नावाजलेली. ती पाव तोडायची, चटणीत बुडवायची आणि एवढ्या थोरल्या बाप्याच्या तोंडात घालायची. तोही चिमणीच्या पिल्लासारखा आ करून बसायचा.

"लग्न झाल्यावर बायको काय म्हणेल रे?" मी विचारायचे.

"बायकोला आजीकडे शिकवणीला पाठवीन, मावशीआजी."

असा हा गडी एक दिवस तापानं आडवा झाला. दवाखान्यात रक्त तपासलं तर टायफॉइड. आता इथे कुणाला टायफॉइड होत नाही, त्यामुळे शिकाऊ डॉक्टर त्याला बघायला रांगेनं यायचे. आमच्या तरुणपणी मात्र घराघरात होता. शहराचं घाण पाणी भाजीच्या मळ्यांना जायचं. म्हणून आमच्या पिढीचं डोकं एकाच दिशेनं चालतं: पोट बिघडलं की पालेभाजी गुन्हेगार.

ताई तडक आठवडी बाजारात गेली आणि कुस्तोदिओ भाजीवाल्यासमोर उभी राहिली. "इतकी वर्षं तुझ्याकडून कोथिंबीर घेते, आणि तू माझ्या नातवाला अंथरुणाला खिळवलंस?"

"मावशी, माझा मळा विहिरीच्या पाण्यावर आहे हो."

"कसली विहीर ते ठाऊक आहे मला!" जुडी त्याच्या पाटीत फेकून ती निघाली. अख्खा बाजार बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाउएलची धाकटी बहीण रायेन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेमकं याच जंतूवर काम करते. पोरगी शांत, पण बोलते ते नेमकं. ती मला म्हणाली, "मावशीआजी, कुस्तोदिओची कोथिंबीर सगळा बाजार खातो. आजारी एकटा दादा पडलाय. घरातलंच बघायला हवं." घरात आम्ही दोघी म्हाताऱ्या. दोघींच्याही तपासण्या झाल्या. माझ्यात काही निघालं नाही. ताईचं काही पक्कं ठरेना, म्हणून तो दोरा.

त्या रविवारी दुपारी घरी आलेल्या नर्सनं दोरा ओढून काढला. ताईला उमासे आले, डोळ्यांत पाणी आलं, आणि तशातही ती त्या नर्सला म्हणाली, "जेवून जा हो." दोऱ्याचं टोक पित्तानं पिवळंहिरवं झालं होतं. ते तपासायला गेलं.

आठवड्यानं रायेन आली. द्राक्षाच्या मांडवाखाली आजीजवळ बसली, तिचा हात हातात घेतला.

"आजी, तुझ्या पित्ताशयात खडे आहेत ना?"

"कुणाच्या नाहीत? या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या आहेत."

"तुझ्या खड्यांवर टायफॉइडचे जंतू राहतायत. खूप वर्षांपासून."

"काहीतरीच! मी पानन् पान क्लोरीनच्या पाण्यात धुते."

"भाजी स्वच्छच होती गं, आजी."

ताईला कळायला क्षणभर लागला. मग तिनं नातीच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.

"मग मला का ताप नाही?" तिनं विचारलं. आवाज एवढासा.

रायेननं समजावलं. "या जंतूंकडे हत्यारं असतात, आणि एकेक हत्यार बनवायची कृती त्यांच्या जीनमध्ये असते. पण सगळे जीन एकदम चालू नसतात. कुठे आलोय ते ओळखून ते चालू-बंद करतात. आतड्यात आले की पेशीला टोचायची सुई बनवतात. पेशीच्या आत शिरले की लपून वाढायची हत्यारं काढतात. आणि पित्तात पडले की त्यांना लगेच कळतं, इथे मारामारीत अर्थ नाही. मग सुईचे जीन बंद आणि चिकट थर बनवायचे जीन चालू. खड्याला धरून बसायचं, वर बुळबुळीत पांघरूण ओढायचं. औषधंही त्याखाली नीट पोचत नाहीत. म्हणून तुला काही कळलं नाही. पण अधूनमधून थोडे सुटतात, खाली उतरतात, आणि हातावाटे दुसऱ्याच्या पोटात गेले की पुन्हा सुया बाहेर."

"गोगलगाय आणि पोटात पाय," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

उपाय एकच. पित्ताशय खड्यांसकट काढायचं आणि वर औषध घ्यायचं. तोवर दुसऱ्या कुणासाठी रांधायचं नाही.

"कापायचं नाही मला," ताई म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या दिवसापासून तिनं चुलीला हात लावला नाही. मी रांधायला लागले, म्हणजे देवच वाली. ती आपली ताटली वेगळी ठेवायची, माझ्या चहाच्या कपालासुद्धा शिवायची नाही. कुस्तोदिओची माफी मागायला तिनं मला पाठवलं. त्या भल्या माणसानं कोथिंबिरीची जुडी दिली, म्हणाला, "मावशींना सांगा, राग नाही." ताईनं जुडी ग्लासभर पाण्यात उभी करून ठेवली. चिरली नाही. ती तिथेच पिवळी पडली.

शेवटी माझं डोकं फिरलं. "सुरीला घाबरतेस का गं? एवढी पोरं काढलीस, तेव्हा नाही घाबरलीस!"

"ओती," ती म्हणाली, "अन्सेल्मोला मी दिला का?"

अन्सेल्मो म्हणजे तिचा नवरा. त्र्याऐंशी साली टायफॉइडनं आतडं फुटून गेला, ऐन चाळिशीत. तर हे घेऊन बसली होती बया इतके दिवस! मी तिच्यासमोर खुर्ची ओढली. "ऐक. आधी तो पडला. तू त्याच्या उशाशी बसलीस, त्याच्या चादरी धुतल्यास. मग तुला बारीक ताप आला, आणि घरात मढं असताना तुझ्या तापाकडे कोण बघणार? त्याच्याकडून तुला आला, तुझ्याकडून त्याला नाही. मी होते ना तिथे."

ती रडली. किती वर्षांत तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिची पाठ चोळत राहिले. म्हटलं, सुटली एकदाची.

कसली सुटते! डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे हे त्याचेच."

"कोण?"

"हे माझ्या खड्यावरचे. त्याच्या अंगातून आलेले." तिनं उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "पंच्याऐंशीच्या भूकंपात घर बसलं, त्यात त्याचे फोटो गेले, कपडे गेले. त्याचं म्हणून एवढंच राहिलंय माझ्याजवळ."

"अगं बाई, त्यांनी जीव घेतला त्याचा!"

"त्याच्याशी वाईट वागले. माझ्याशी चांगले वागले."

मला तिचा संताप आला आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं. मी सरळ भांडी घासायला गेले.

नाउएल दवाखान्यातून सुटला तो थेट आमच्याकडे आला, रायेनला घेऊन. शर्ट अंगावर लोंबत होता. त्याला बघून माझं काळीज तुटलं. मी घेवडा वाढला. दोन घास खाऊन त्यानं चमचा ठेवला.

"मावशीआजी, दवाखान्यात याहून बरं द्यायचे."

"मग जा की परत, मेल्या!"

तो उठला आणि आजीच्या खुर्चीपाशी जमिनीवर जाऊन बसला. सगळं त्याला ठाऊक होतं, रायेननं सांगितलं होतं. त्यानं मान वर केली आणि नेहमीसारखा आ केला.

ताईनं दोन्ही हात एप्रनखाली लपवले. "मिट ते तोंड. माझ्या हातानं तुला मरणाच्या दारात नेलं."

"आता होऊन गेला ना मला?"

"पुन्हा होऊ शकतो!" रायेन ओरडली. "दादा, मूर्खपणा करू नकोस."

"बरं. मग मी थांबतो," नाउएल म्हणाला. "तू ऑपरेशन करून ये, आजी. कधीही ये. मी दुसऱ्या कुणाच्या हातचं खाणार नाही." आणि पुन्हा आ करून बसला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे गाल आत गेले होते, मानेच्या शिरा दिसत होत्या. एप्रनखाली तिच्या हातांची चाळवाचाळव चाललेली मला दिसत होती. नातवाला कुरवाळायला हात वळवळत होते आणि ती ते बाहेर काढत नव्हती.

"रायेन," ती म्हणाली, "दवाखान्यात फोन लाव. कधी कापतात विचार."

मग तिनं बरगडीखाली हात दाबला. ताईच्या लग्नानंतर मी काही वर्षं त्यांच्याच घरात, शेजारच्या खोलीत राहिले होते. पहाटपाळीला नवऱ्याला उठवताना तिचा एक हळू, लाडाचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा. तोच आवाज मी त्या दुपारी पुन्हा ऐकला.

"ऊठ रे, अन्सेल्मो. निघायला हवं आता. पोर उपाशी बसलंय."