दोन-दोनची बांगडी

चाळीस वर्षं झाली, लोक मला बांगड्या भरायला बोलावतात. नवरीला भरायला बोलावतात, बाळंतिणीला भरायला बोलावतात. सासूशी भांडून माहेरी आलेलीलासुद्धा तिची आई मुद्दाम दोन डझन भरायला लावते, म्हणजे सासूच्या कानावर जावं. पण बांगड्या काढायला या, असं बोलावणं मला आजवर आलं नव्हतं. ते सोमवारी आलं, आणि तेही माझ्या नातीच्या शाळेतून.

"समराच्या दादी का?" खेळाच्या मॅडम फोनवर घाईत होत्या. "लगेच ग्राउंडवर या. तिच्या हातातल्या बांगड्या निघंनात आणि पंच खेळू देत न्हाईत."

"निघायला घातल्याच न्हाईत मी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

हे मी तोऱ्यात म्हटलं. तोरा मला शोभतो. माझं नाव माजिदा, दुकान विजापूर वेशीत, आणि माझ्या हातून भरताना एकही बांगडी आजवर फुटलेली नाही. कसलाही हात आणा. भांडी घासून खरबरीत झालेला आणा, यंत्रमागावर काम करून टणक झालेला आणा. मी अंगठ्याचं हाड आत दाबते, चार बोटं एकात एक घडी करते, आणि बाई गप्पा मारत असतानाच बांगडी मनगटावर. माझा नवरा कासीम गेला तेव्हा बायका माझ्या बांगड्या फोडायला जमल्या होत्या. मी म्हटलं, हात लावाल तर याद राखा. एकेक करून सगळ्या काढल्या, पुसल्या आणि पुढच्या महिन्यात विकल्या. माल चांगला होता.

आता समराच्या हातात त्या कशा आल्या ते सांगते, म्हणजे चूक कुणाची ते कळेल.

शनिवारी माझ्या धाकट्याचं, आसिफचं लग्न झालं. मुलगी दुधनीची. दुधनीच्या बायका आम्हाला बघायला येणार, आणि बांगडीवालीच्या घरात त्या पहिल्यांदा हातच बघणार. माझी नात समरा नववीत आहे. कबड्डी खेळते. हात म्हणजे फावडं. तिच्या मापाची बांगडी दोन-चारची. मी तिला बसवलं आणि दोन-दोनची भरली, एक माप लहान. दोन्ही हातांत डझन डझन, हिरव्यात सोनेरी.

"दादी, सोमवार को फायनल है," ती ओरडत होती. "दो-चार की डाल ना!"

"रुमाल बांध वरनं," मी म्हटलं.

दुधनीच्या बायकांनी तो हात उलटा केला, सुलटा केला, बांगडी फिरते का बघितली. फिरली नाही. एकमेकींकडे बघून त्यांनी भुवया वर केल्या. मी पान चघळत दुसरीकडे बघत होते, जसं काही झालंच नाही. असं सुख मला लग्नाच्या जेवणातसुद्धा मिळालं नाही.

तर सोमवारी मी रिक्षा केली आणि मैदानावर पोचले.

तिथं पंच होते शिवशरण सर. बारीक माणूस, इस्त्रीची ट्रॅकपँट, गळ्यात शिट्टी आणि शिट्टीशेजारी नेलकटर. बैलबाजारात दात बघतात तशी पोरींची नखं बघत चालले होते. त्यांच्या पायाशी डब्याचं एक झाकण, त्यात कानातल्या रिंगा, चमक्या, पैंजण, केसातल्या पिना, नजरेचे काळे दोरे. एका पोरीनं तर घाबरून विचारलं, "सर, दाताची तार पण काढू का?" सरांनी खरोखरच क्षणभर विचार केला.

समरा एका बाजूला उभी. डोळे लाल. मॅडमनी मला हळूच सांगितलं की चढाई करणारी आमच्याकडं हीच एक. ही नसली तर आज हरलोच समजा, आणि मग विभागीय सामन्याला पुण्याला जाणार समोरची टेंभुर्णीची शाळा.

"सर," मी म्हटलं, "काल सेमीफायनलला पोरगी रुमाल बांधून खेळली की. काल कायदा झोपला होता का?"

"काल मी नव्हतो," सर म्हणाले.

"कागद दावा."

त्यांनी नियमांचा कागद दिला. मी तिसरी नापास. पण वाचता येतं, सावकाश. मी मोठ्यानं वाचायला घेतलं. "खे... ळा... डूं... नी..." चारच अक्षरांत निम्मं मैदान गोळा झालं.

"मावशी, वेळ जातोय."

"तुमचाच कायदा वाचतीय, राग कशाला? अंगावर... दा... गिने... बरं. काच हा दागिना कसा? सोनाराकडं मिळती का?"

"काच लागली तर समोरच्या पोरीचा डोळा जाईल," सर म्हणाले.

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. तीन अंगठ्या. एकीत पिवळा खडा, एकीत पोवळं, तिसरी तांब्याची.

"तुमच्या ग्रहांना आज सुट्टी न्हाई वाटतं."

पोरी फिदीफिदी हसल्या. सरांनी हात खिशात घातला, पण आवाज खाली आला नाही. "वीस मिनिटांनी टॉस. तोवर दोन्ही हात मोकळे झाले तर खेळंल. न्हाय तर राखीव पोरगी आत."

मग मी फतकल मारून मातीतच बसले आणि समराला पुढ्यात घेतलं.

डावा हात सरळ आला. भरताना जे करते ते उलटं करायचं. बारा बांगड्या माझ्या ओटीत पडल्या, एकीलाही तडा नाही. बघणाऱ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, मी मान हलवून घेतली. उजवा हात धरला, अंगठा आत दाबला, आणि समरा किंचाळली.

चाळीस वर्षं मी हातच धरत आलेय. बाई खोटं बोलेल, तिचा हात खोटं बोलत नाही. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती, आणि गरम लागत होतं.

"कधी झालं?" मी हळू विचारलं.

"कल. पकड में मुडा."

"घरात बोलली का न्हाईस?"

"तू बोलती, खेल बंद," ती म्हणाली. हे खरं होतं.

साबण लावावा तर मैदानाच्या नळाला पाणी नाही. मग माझ्या पिशवीतली खोबरेलाची बाटली काढली. अंगठा, मनगट, पंजा, सगळीकडं चोपडलं. एक निघाली. दुसरी निघाली. प्रत्येक बांगडीला समरा ओठ चावायची आणि मी शिव्या द्यायची. पंचाला, दुधनीला, स्वतःला.

"फोड दे ना दादी," समरा म्हणाली. "पत्थर से फोड."

"मनगटाला काच लागली, रक्त आलं, तर हा माणूस तुला आत सोडंल का?"

"मग तूने छोटी क्यों डाली?" ती ओरडली. सगळ्यांसमोर. "मैं बोली थी! तेरे को दुधनीवालों को दिखाना था!"

मॅडम बुटाच्या नाड्या बघू लागल्या. मला चाळीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं असतं तर मी त्याला विजापूर वेस ओलांडू दिली नसती. पण पोरगी बरोबर होती.

मी उठले. गुडघे वाजले. सरांपुढं गेले.

"सर, चूक पोरीची न्हाय. माझी हाय. एक माप लहान घातलं मी, मिरवायला. सहा बांगड्या राह्यल्यात. पाच मिनिटं जास्त द्या."

असं बोलायची सवय नसली की शब्द दातात अडकतात. सरांनी घड्याळाकडं बघितलं.

"वेळ वाढवायचा मला अधिकार न्हाय," ते म्हणाले. मी मागं वळले, तेवढ्यात म्हणाले, "पण टॉसचं नाणं सापडंना झालंय."

आणि ते एकेक खिसा चाचपू लागले. मॅडमनी नाणं पुढं केलं तर म्हणाले, "हे नको, छाप पुसलाय." दुसऱ्या कुणी दिलं तर, "हे फार हलकं हाय."

मी पुन्हा बसले. तेवढ्यात समोरच्या संघाची कॅप्टन आली. टेंभुर्णीची आरोही. दोन वेण्या, खांदे पैलवानासारखे.

"आज्जे, सूज असली की हात वर धरायचा असतोय. मी धरते, तुमी वढा."

"तुला काय गं एवढी कळकळ?"

"ही बाहेर बसली अन् आमी जिंकलो, तर ही वरीसभर बोलत हिंडंल. न्हवते म्हणून जिंकल्या म्हणंल. त्यापरीस मैदानात पाडते हिला."

समरा नाकातून हसली. आरोहीनं तिचं कोपर धरून हात वर ताणला, एका हातानं अंगठ्याला बोटं लावून बघितली. मी खालून ओढत राहिले. पाच निघाल्या. शेवटची अंगठ्याच्या हाडावर येऊन बसली, ना वर ना खाली. मी श्वास धरला, दाबलं, फिरवली.

टिच् झालं.

बांगडीचे दोन तुकडे माझ्या हातात आले. सर धावत आले, कारण मातीवर रक्ताचा एक थेंब पडला होता.

"रक्त कुणाचं?"

"माझं," मी अंगठा दाखवला. "चाखून बघायचं असलं तर बघा."

त्यांनी चाखलं नाही, पण समराचं मनगट चष्मा कपाळावर चढवून दोनदा तपासलं. खरचटलंसुद्धा नव्हतं. मग त्यांनी नाक जवळ नेलं.

"हे तेल हाय."

"मग काय तूप असंल?"

"अंगाला तेल लावून कबड्डी खेळता येत न्हाय, मावशी. पकड सुटती."

"आता काय पोरीला धुऊन वाळत घालू?"

"पुसा. मी तपासतो."

मी माती घेतली आणि घासली. पदरानं पुसलं, पुन्हा माती लावली. सरांनी दोन्ही मनगटांवरून बोट फिरवलं, कागदावर 'तपासले' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. नाणंही त्यांच्या वरच्याच खिशात सापडलं.

समरा खेळली. कशी खेळली ते मी सांगत नाही, कारण मी तिची दादी आहे आणि तुम्ही विश्वास ठेवणार नाही. टेंभुर्णीच्या पोरी काही कमी नव्हत्या. आरोहीनं बोलल्याप्रमाणं तिला दोनदा पाडलं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागं होतो आणि चढाई समराची होती.

ती आत शिरली. डावीकडं हूल दिली, उजवीकडं वळली, आणि आरोहीनं झेप घेऊन नेमका तो सुजलेला हात मनगटापाशी धरला. कुठं दुखतंय ते तिला बरोबर ठाऊक होतं. आणखी दोघी कमरेला लोंबकळल्या. समरा मातीत आडवी झाली, रेषा हातभर लांब. ती कबड्डी कबड्डी म्हणत होती की अल्ला अल्ला, मला ऐकू येत नव्हतं.

मग तिनं हात हिसडला आणि तो आरोहीच्या मुठीतून सरकला. बोटं रेषेपलीकडं टेकली.

"सर, तेल!" आरोही ओरडली. "हात निसटला! तेल हाय हिच्या हाताला!"

शिट्टी वाजली नाही. सगळं मैदान सरांकडं बघत होतं. सर सावकाश चालत आले. समराचा उजवा हात उचलला, मनगटावरून तीन बोटं फिरवली, नाकाशी नेली. मग दुसऱ्या हातानं खिशातला कागद अर्धा बाहेर काढला. स्वतःची सही बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

आता खरं ते सांगते. डावा हात मी खसाखसा घासला होता. उजव्याला माती लावली ती वरवर. सुजलेल्या अंगठ्यावर जोर लावायला माझा हात होईना. एवढंच. यापलीकडं कुणाला काही म्हणायचं असेल तर दुकानात या आणि तोंडावर म्हणा.

मी त्यांची नजर चुकवली नाही.

सरांनी कागद खिशात ढकलला. आमच्या बाजूला हात करून तीन बोटं वर केली. तिघी बाद, तीन गुण. पोरी माझ्या अंगावर येऊन आदळल्या, कुणीतरी माझा चष्मा पाडला. त्या गोंधळात मी बघितलं, सरांनी ती तीन बोटं हळूच ट्रॅकपँटीला पुसली आणि सामना संपल्याची शिट्टी वाजवली.