पाडव्याचं कुंकू

फोटो माझ्या हातून निसटला आणि थेट माझ्या बुटावर पडला. पुढचं सगळं माझ्या हातांनी केलं, मला विचारलंच नाही. वहीपुस्तकाला पाय लागला की उचलून कपाळाला लावायचं, ही लहानपणापासूनची खोड. तसाच हाही लावला. एरवी मी टिकली लावते. पण आज पाडवा, सकाळी गुढीची पूजा करून ओलं कुंकू लावून आले होते.

फोटोतल्या बाईच्या खांद्यावर लाल डाग उमटला. घाबरून हातमोजा घातलेल्या बोटाने पुसायला गेले, तर आणखी पसरला. शहाणी ना मी!

न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या या विद्यापीठात जुन्या फोटोंच्या आणि कागदपत्रांच्या विभागात मी ट्रायलवर होते. नव्वद दिवसांनी नोकरी पक्की व्हायची, त्यातले ऐंशी झाले होते. चार वर्षं घरी बसल्यावर बावन्नाव्या वर्षी मिळालेली नोकरी. आमची साहेबीण हेदर मीटिंगला गेली होती. आणि अकरा वाजता उत्तरेकडच्या दूरच्या अप्पर हट गावाहून अरोहा नावाच्या एक्क्याण्णव वर्षांच्या माओरी बाई येणार होत्या. फोटोतली बाई म्हणजे त्यांची आई. घरी तिचा एकही फोटो नव्हता. मागच्या महिन्यात आमच्या खोक्यात हा सापडला, मागे नाव लिहिलेला.

मी नवऱ्याला फोन लावून झालं ते सांगितलं. गुरुनाथ इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे.

"अगं, त्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घाल आणि बॉक्स जागेवर ठेव," तो म्हणाला. "रिपेअरला गेलाय म्हणून सांग त्या बाईंना. दहा दिवस राहिलेत श्यामला, मग काही चिंता नाही, सगळं इथल्या भाषेत स्वीट ॲज. आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेऊ नकोस."

अकराला काठी टेकत अरोहाबाई आल्या. अंगात ठेवणीतला कोट, केस नीट विंचरलेले. "किया ओरा, डिअर," असा माओरी नमस्कार केला आणि टेबलाकडे पाहू लागल्या. टेबल रिकामं होतं.

"फोटो दुरुस्तीला गेलाय," मी म्हणाले. "तीन महिने लागतील."

"तीन महिने," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कोटाचं बटण लावायला लागल्या. ते काही लागेना.

"थांबा," मी म्हणाले.

खोकं काढलं. फोटो त्यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ त्या आईचा चेहरा पाहत राहिल्या. मग त्यांचं बोट खांद्यावर थांबलं.

"हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. बूट, कपाळ, कुंकू, पुसणं, खोटं बोलणं. आता या ओरडतील, हेदरला बोलावतील, संध्याकाळपर्यंत माझं ओळखपत्र काढून घेतील, असं वाटत होतं.

"पाय लागला की तुमच्यात डोक्याला लावतात?"

"हो. माफी मागायला."

त्यांनी फोटो उचलून स्वतःकडे ओढून घेतला. मला वाटलं, संपलं.

"मी जन्मले त्याच दिवशी ती गेली," त्या म्हणाल्या. "फोटो कुणी काढला, इथे कुणी आणला, आम्हाला कुणी विचारलं नाही. नव्वद वर्षं ती या खोक्यात आहे. तिची माफी मागणारी तू पहिलीच."

मला रडू फुटलं. तेवढ्यात जिन्यावर हेदरच्या टाचा वाजल्या. स्लीव्ह तिथेच टेबलावर पडलं होतं. फोटो आत सरकवायला एक क्षण पुरला असता.

अरोहाबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी हात मागे बांधले आणि दार उघडायची वाट पाहत उभी राहिले.