फळी

आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांमध्ये इतकंच अंतर आहे की देल्फिनाच्या खिडकीतून माझ्या खिडकीत लिंबू फेकलं तर ते हमखास झेलता यायचं. चाळीस वर्षं आम्ही अशीच लिंबं, उखाळ्यापाखाळ्या आणि दुसऱ्यांच्या सुनांच्या बातम्या इकडून तिकडे पोचवल्या.

आमच्याकडे खिडक्यांच्या हिरव्या झडपांना खाली एक वेगळी फळी असते, ती बाहेर ढकलून दांडीवर टेकवायची. चर्चची सकाळची घंटा झाली की आम्ही दोघी फळ्या उचलायचो. फळी वर म्हणजे बाई उठलीय, हातपाय धड आहेत. नसेल उचलली, तर समोरचीने जिना उतरून जायचं आणि दार वाजवायचं. हे कधी कुणी ठरवलं नव्हतं. आमच्या आयाही असंच करायच्या.

दोन वर्षांपूर्वी देल्फिनाची फळी उचलली गेली नाही. मी पायात येईल ते घालून धावले. ती स्वयंपाकघरात पडली होती, मांडीचं हाड मोडलेलं, आणि मला बघून पहिलं काय म्हणाली, तर उशीर केलास. मुलगी तिला आपल्या घरी, जेनोवाला घेऊन गेली. घर मिलानच्या एका माणसाने घेतलं, प्रवाशांना भाड्याने द्यायला. आता तिथे रोज नवी माणसं येतात, चाकांच्या बॅगा पायऱ्यांवर आपटत. एका दिवसात या किनाऱ्यावरची पाचही गावं उरकायची असतात त्यांना. देवदर्शनालासुद्धा इतकी घाई कुणी करत नाही.

वेर्नाझा गावातल्या आमच्या या गल्लीत बाराही महिने राहणारी आता मी एकटी. मला मरणाची भीती नाही, पण पडून राहण्याची आहे. मी पडले तर कुणाला कळणार, हा विचार रोज माझ्याबरोबर उठतो आणि माझ्याबरोबर झोपतो.

यंदा मिलानवाल्याने देल्फिनाच्या खिडकीमागे न्हाणीघर बांधलं आणि खिडकी विटांनी बुजवली. आमच्याकडे खिडकी बुजवली तरी भिंतीवर तिचं चित्र काढतात, घर काणं दिसू नये म्हणून. त्यासाठी कामोलीहून ग्वाल्तिएरो नावाचा रंगारी आला. परांचीवर बसला की तो माझ्या चुलीपासून दोन हातांवर. त्याला फळीची गोष्ट सांगितली ती चूकच झाली, कारण दुसऱ्या दिवसापासून घंटा झाली की तो ओरडायचा, “मावशी, फळी! का येऊ दार फोडायला?” मी त्याला मेल्या म्हणायचे आणि कॉफी द्यायचे. खोटं कशाला बोलू, ते दिवस फार चांगले गेले. कुणीतरी माझ्या फळीकडे बघत होतं.

झडप रंगवून झाली, फळी तेवढी राहिली. तेव्हा तो म्हणाला, “फळी वर उचललेली काढतो. रोज सकाळी तुम्हाला बरं वाटेल.”

“बंद काढ,” मी म्हटलं.

“का हो?”

“वर काढलीस तर ती रोज खोटं बोलेल. आणि मी रोज विश्वास ठेवीन.”

“आणि बंद काढली, तर रोज तुमच्या जिवाला घोर.”

“लागू दे. घोर लागायलाही माणूस लागतं कुणीतरी.”

त्याने ब्रश पुसला. मग त्याने फळी बंद काढली, तीही इतकी हुबेहूब की खालची सावलीसुद्धा खरी वाटावी. परांची उतरवून संध्याकाळच्या गाडीने तो गेला. जाताना खालून हात केला, मी केला नाही. डोळ्यांत पाणी होतं, ते त्याला कशाला दाखवा.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. मी फळी उचलली आणि समोर बघितलं. बंद.

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही, पायांनीच केलं. जिना उतरले, गल्ली ओलांडली, तिच्या पायऱ्या चढले आणि दोन्ही मुठींनी दार बडवलं. देल्फिना, देल्फिना म्हणून हाकाही मारल्या. रंग अजून वाळतो आहे हे ठाऊक असलेली मी.

दार उघडलं ते ओल्या केसांच्या एका परक्या मुलीने. ती घाबरली होती. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग काहीतरी विचारलं. मला कळेना. मी तिला विचारलं, बरी आहेस ना, पडली नाहीस ना? तिला कळेना. शेवटी तिने फोन पुढे केला, त्यात बोलली, आणि फोनमधल्या बाईने आमच्या भाषेत स्वच्छ विचारलं, “आपल्याला कोण हवं आहे?”

देल्फिनाचं नाव ओठांवर आलं होतं. पण ती जेनोवाला आहे, हे काय मला ठाऊक नव्हतं?

“कुणीही,” मी म्हटलं.

फोनने ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती गोंधळली. मग हसली, मान हलवली, आणि हळूच दार लावून घेतलं.