चांगूची जागा

चांगुणानं कंगवा टेकवला तशी विशाखानं मान काढून घेतली आणि केशरबाईच्या लुगड्यामागं जाऊन उभी राहिली.

"विंचरू दे की गं," केशरबाई म्हणाली. "आई हाय ती तुजी."

"न्हाय. चांगू हाय."

घरात सगळे चांगूच म्हणत, म्हणून लेकरूही चांगूच म्हणे. आजीला, केशरबाईला, मात्र माय. दोन वर्षांपूर्वी, वर्षाची असताना, चांगुणानं तिला इथं लोहाऱ्याला आणून ठेवलं होतं. नवऱ्याची पोस्टात रात्रपाळी, तिच्या स्वतःच्या दिवसभर नाटकाच्या तालमी. मुंबईच्या एका खोलीत लेकराकडं बघणार कोण? टीव्हीचं काम पक्कं झालं की न्यायचं, असं ठरलं होतं. आता दर आठवड्याला तिचा विनोदी कार्यक्रम लागत होता. लिहायची तीच, आणि त्यातली म्हातारीही तीच व्हायची. शेजारच्या बाई विशाखाला दिवसा सांभाळायला तयार झाल्या होत्या.

इकडं पुन्हा दुष्काळ पडला होता. केशरबाई रोजगार हमीच्या तलावावर जाताना लेकराला सोबत नेई, बाभळीच्या सावलीला बसवी. चांगुणानं आल्या आल्या विशाखाचे पाय हातात घेतले होते. घोट्याला खडीचं खरचटलेलं, टाचा भेगाळलेल्या. त्यानंतर ती पोरगी झोपली की पुन्हा पुन्हा ते पाय बघत होती.

"उद्याची सोलापूर गाडी धरते," ती कंगव्यातले केस काढत म्हणाली.

"तुज्याबरूबर आली तर ने." केशरबाईनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. "पर वढून न्यायची न्हाय, चांगे. रडत गेली तर माज्या कानातनं जायाची न्हाय ती."

चांगुणाला येऊन दोन दिवस झाले होते. पोरीनं तिच्या हातचं बिस्कीट घेतलं होतं. मांडीवर मात्र एकदाही बसली नव्हती.

संध्याकाळी तिघी दूध सोसायटीकडं निघाल्या. वैरण संपल्यामुळं सोसायटीत येणारं दूध निम्म्यावर आलं होतं, पण टीव्ही होता आणि आज त्यावर चांगुणा दिसणार होती. पाण्याच्या टँकरची वेळ तीच, त्यामुळं केशरबाईनं आजवर लेकीला टीव्हीवर पाहिलंच नव्हतं. आज टँकर दुपारीच येऊन गेला होता.

"केशरबाई, या की वर!" सोसायटीचे चेअरमन बंडप्पा ओसरीवरून म्हणाले. "खुर्चीवर बसा. आज तुमचा मान हाय."

"हितंच बरं दिसतंय, अप्पा," केशरबाई म्हणाली आणि बौद्धवाड्यातल्या बाया रोज जिथं बसत, तिथं कडुलिंबाखाली शेजारणीला, शरिफाबीला टेकून बसली. चांगुणा त्यांच्या मागं उभी राहिली. तिथून तिला आईची फक्त पाठ दिसत होती.

पडद्यावर म्हातारी आली. डोक्यावर पदर, पदराचं टोक दातात. रेशन दुकानासमोर फतकल मारून बसली आणि गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "साकर न्हाय तर नसू दे रं बाबा. रिकामी गोणी तर हुंगू दे! च्या कोराच पिते, पर वास घेऊन पिते."

ओसरी हसून लोळायला लागली. चांगुणाचं लक्ष समोरच्या पाठीवर होतं. हे वाक्य तिनं लिहिलं होतं, रचलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी सुकडी वाटायच्या रांगेत माय असंच बोलली होती. खडी फोडताना ती मुकादमाची नक्कल करायची, तेव्हा उपाशी बाया हातोडा खाली ठेवून हसायच्या. शाळा बुडवून आलेली चांगुणा शेजारी बसून सगळं बघायची. पुढं उस्मानाबादच्या कॉलेजात, मग मुंबईत, तिनं दुसरं काय केलं होतं?

"अगे केशर, ये तो तूच है!" शरिफाबी ओरडली. "गुडघा बी तुझाच, थाप बी तुझीच!"

विशाखा उठून टीव्हीकडं धावली. "माय!" तिनं पडद्याकडं बोट केलं. मग मागं वळून कडुलिंबाखाली पाहिलं. पुन्हा पडद्याकडं. लोक आणखी हसले.

केशरबाईच्या दातात पदराचं टोक होतं. तिनं ते हळूच काढून घेतलं.

परतताना ती पुढं चालत होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "म्या लई मारते व्हय गं, गुडघ्यावर?"

"मारतेस."

"आसं." तिनं कडी काढली. "मुकादम कधीच हसला न्हाय बग माज्या नकलंला. मला वाटायचं, त्येला कळंनाच."

केशरबाई भाकरी करायला बसली. पीठ मळताना तिचा हात एकदा गुडघ्याकडं गेला आणि परातीत परत आला.

सकाळी शरिफाबीही स्टँडवर सोबत आली. गाडी लागली तशी गर्दी धावली. केशरबाईनं विशाखाचं फडकं खिडकीतून सीटवर टाकलं.

"माजं फडकं का टाकलं?"

"जागा धरली. आता तितं दुसरं कुनी बसत न्हाय."

गर्दी आत शिरली. माय गाडीत चढत नाही हे विशाखाच्या लक्षात आलं, तसा तिनं तिच्या लुगड्याला विळखा घातला. अशी रडली की श्वास अडकायला लागला. चांगुणानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे, माय. पाऊस झाल्यावर येते न्यायला."

केशरबाईनं लेकराच्या घोट्याकडं पाहिलं.

"काढ की त्या म्हातारीचा आवाज," ती म्हणाली.

"तुज्यासमोर?"

"काल समद्या गावासमोर काढलास. काढ."

चांगुणानं पदर डोक्यावर घेतला. टोक दातात धरलं. गाडीच्या पायरीवर बसून गुडघ्यावर थाप मारली. "अगं माजे राणी, माज्या मांडीवर न्हाय बसायचं तर कुनाच्या? कंडक्टरच्या? त्येच्या मांडीवर पैशाची पिशवी हाय गं, तुला टोचंल!"

विशाखाचं रडणं मधेच थांबलं. डोळ्यांत पाणी असतानाच तिला हसू फुटलं. विळखा सैल झाला. केशरबाई आवाज न करता दोन पावलं मागं सरली आणि शरिफाबीच्या आड झाली. लेकरानं पायरीवरच्या बाईकडं दोन्ही हात पसरले.

गाडी गावाबाहेर पडली. लोहाऱ्याला ठेवल्यापासून पहिल्यांदाच चांगुणानं विशाखाचं वजन मांडीवर घेतलं होतं. ती हलायलाही भीत होती. विशाखा तिच्या तोंडाकडं बघत होती.

"माय."

"काय गं राणी?"

"चांगू कुठं हाय?"

पदराचं टोक अजून दातातच होतं. चांगुणानं बाहेर पाहिलं. उघडी शेतं मागं पळत होती.

"मागनं येतीय," ती म्हणाली.

विशाखानं विचार केला. मग मांडीखालचं फडकं ओढून काढलं, शेजारची बाई वाटेत उतरल्यानं मोकळ्या झालेल्या जागेवर पसरलं आणि त्यावर तळहात दाबून ठेवला.

नळदुर्गला गर्दी चढली. डोक्यावर पाटी घेतलेला एक माणूस जवळ येऊन थांबला.

"कुनी हाय का हितं?"

"चांगू यायलीय," विशाखा म्हणाली.

त्यानं चांगुणाकडं पाहिलं. तिनं मान डोलावली. तो पाटी सावरत पुढं सरकला.