शून्य तासांचा चमत्कार

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरमागे शून्यमहाराज उभे होते; हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनीच कौतुकानं दिलेलं. महाराज हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडत, क्षणभर डोळे मिटत आणि गरजत, "ही आजवर किती तास चालली? पाहा!" पडद्यावर ठसठशीत शून्य उमटे की टाळ्या पडत.

"कोरी करकरीत! किंमत बाजाराच्या निम्मी!"

"एवढी स्वस्त कशी हो?" मी विचारलं.

"शंका घेणाऱ्यांच्या फायली टिकत नाहीत, ताई!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं माझा मामा हसला आणि त्यानं डिस्क घेतली.

मामा फोटोग्राफर. मामी गेल्याला वर्ष झालं होतं. तिचं बोलणं, हसणं, मामावर डाफरणं, सगळे व्हिडिओ घरच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये होते. ते नव्या डिस्कवर घ्यायचे आणि जुनं धूड भंगारात द्यायचं, असा त्याचा बेत. दुसरी प्रत नव्हतीच.

"मामा, आधी मावशीला दाखवू."

मावशी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सूर्य उगवला तरी तिला पुरावा लागतो, असं मामा वाटभर कुरकुरत होता.

तिनं डिस्क जोडली. शून्य!

"बघ!" मामा म्हणाला.

मावशीनं पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम लावला. चहा होईस्तोवर पडद्यावर एक सलून अवतरलं. खुर्चीत तोंडाला फेस लावलेले गृहस्थ घोरत होते. कोपऱ्यात तारीख, पाच वर्षांपूर्वीची.

"कोऱ्या डिस्कमध्ये ही दाढी कुणाची रे, दादा?"

"पण शून्य मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!"

"पाहिलंस. ते कुणी लिहिलं, हे विचारलंस? ही डिस्क सलूनमधल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला जोडून रात्रंदिवस राबलीय. चाललेल्या तासांचा आकडा तिच्यात साठतो, पण तो सॉफ्टवेअरनं पुसता येतो. वर नवं लेबल, नवी पिशवी. आतलं नीट पुसायचा मात्र महाराजांना कंटाळा. नुसती अनुक्रमणिका फाडली, धडे तसेच राहिले. दमलेली डिस्क कधी मान टाकेल, नेम नाही."

मामा तडक दुकानात गेला आणि भर गर्दीत त्यानं तिथल्याच पडद्यावर सलूनचा तो व्हिडिओ सुरू केला.

"ही... ही कंपनीची चाचणी असते!" महाराज चाचरले.

"कंपनीत दाढ्या करून चाचण्या घेतात?" कुणीतरी ओरडलं. मग मात्र हसू थांबलं आणि जो तो आपापली डिस्क काउंटरवर आपटू लागला.

मामानं दुसरीकडून दोन डिस्क घेतल्या. दोन्हींचे नंबर कंपनीकडून पडताळले आणि दोन्हींवर सगळं उतरवलं. मग एक व्हिडिओ लावला. मामी त्याला कशावरून तरी झापत होती. मामा ढसाढसा रडला.

"हिला मी त्या शून्याच्या भरवशावर सोडणार होतो गं."

तुम्हालाही सांगते: चमत्कार समोर दिसला तरी तो कुणी घडवला आणि का, हे विचारा. लोक हसले तर हसू द्या. आणि जिवापाड जपायचं आहे ते कधीही एकाच ठिकाणी ठेवू नका.